कठड्यावरचं चौथं

१

गळ्याची शपथ घेऊन सांगतो, या हकिकतीतला शब्द न् शब्द खरा आहे. चौदाव्या मजल्यावर माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट आहे ही. खरं तर इमारत तेराच मजल्यांची. चौदावा म्हणजे गच्चीवरची लिफ्टच्या मोटारीची खोली. आणि डोळ्यांदेखत म्हणालो खरं, पण त्यातलं बरंचसं मी पाहिलंच नाही, सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. शिवाय एक जागा मी पदरची घातली आहे. ती कोणती ते शेवटी सांगतो. मध्येच ओळखलीत तर तुमचं कौतुक. माझ्या बायकोला ओळखता आली नाही, आणि ती माझी थाप मी दारात चप्पल काढायच्या आत ओळखते.

मी लिफ्ट मेकॅनिक. वय बावन्न. घरात मला थापाड्या म्हणतात. हे नाव माझ्या ताईने ठेवलं, मी सहा वर्षांचा असताना. दूध मांजराने नाही, आरशातल्या मांजराने प्यायलं, असं मी तिला सांगितलं होतं.

ताई माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझं नाक पुसण्यापासून ते माझं लग्न लावण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. नोकरी वेधशाळेत. तीस वर्षं रोज सकाळी साडेआठला तापमान, वारा आणि पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचं. डब्यात पाऊस नसेल तर ‘शून्य’ लिहायचं. डबा पाहिलाच नसेल तर ‘पाहिलं नाही’ लिहायचं. ‘शून्य’ आणि ‘पाहिलं नाही’ यांत फरक असतो, हे तिने मला किती वेळा समजावलं असेल, त्याला गणती नाही. मला तो फरक फार उशिरा कळला.

२

त्या वर्षी मोटारीच्या खोलीबाहेरच्या कठड्यावर ससाण्यांची जोडी आली. कबुतरं मारून खाणारे, वीज पडावी तसे वरून कोसळणारे ते ससाणे. पक्षीमंडळाच्या बाई आल्या, त्यांनी कठड्याच्या आतल्या बाजूला खड्यांनी भरलेला एक ट्रे ठेवला आणि मला पकडलं.

“तुम्ही रोज वर असताच ना?”

“असतो की,” मी म्हणालो. ही माझी पहिली थाप. रोज जायला हवं, हे खरं.

खोलीच्या भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर एक लोखंडी झडप आहे, माणूस रांगत बाहेर जाईल एवढी. झडपेत वाटीएवढी गोल काच. बाईंनी खिळ्याला वही टांगली, तिला दोऱ्याने पेन्सिल बांधली. रोज सकाळी आठला काचेतून पाहायचं, अंडी किती, पिल्लं किती, आईबापांनी काय आणलं, ते लिहायचं. पिल्लं उडून जाईपर्यंत झडप उघडायची नाही.

आता ताईकडे वळू. ती समोरच्याच इमारतीत अकराव्या मजल्यावर राहायची. मध्ये फक्त रस्ता. हृदयाची एक झडप झिजली होती, चार पावलं चालली की धाप लागायची. खिडकीत खुर्ची, मांडीवर वही, गळ्यात दुर्बीण. तिला आईबाप येता-जाता दिसायचे, पण ट्रे दिसायचा नाही. कठड्याची वीतभर उंच कड आड यायची. म्हणून रोज सव्वाआठला मी तिला फोन करून आतलं सांगायचं, असं ठरलं.

“अंडी किती?”

“चार. विटकरी रंगाची.”

“मोजलीस का?”

“मोजली गं.”

“नाहीतर अंदाजाने सांगशील. लिहू ना?”

“लिही.”

एवढा फोन. पण तिच्या दिवसात तेवढाच एक फोन असायचा.

३

तीन अंडी फुटली. पांढऱ्या कापसाची तीन बोंडं, आणि नुसती चोच. चौथं अंडं कोपऱ्यात तसंच पडून. बाई येऊन पाहून गेल्या, म्हणाल्या, “वांझ असणार. होतं असं. हात लावू नका.”

ताई मात्र रोज विचारायची, “चौथं?”

“नाही अजून.”

“थांब जरा. शेवटचं आहे, त्याला वेळ लागेल.”

तिसऱ्या दिवशी मी वर गेलोच नाही. बाहेर धुकं, अंगावर पांघरूण, आणि सव्वाआठ वाजले. मी उशीवरून डोकं न उचलता फोन लावला. तिने विचारलं, “चौथं?” आणि का कोण जाणे, मी म्हणालो, “फुटलं.”

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

“कसं आहे?”

“अशक्त आहे. पण मान वर करतंय.”

बायको शेजारून म्हणाली, “कोणाची मान?” मी पांघरूण डोक्यावर घेतलं.

ठरवलं होतं की दोन दिवसांनी त्याला मारून टाकू. अशक्त होतं, गेलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, “काल डॉक्टर आले होते. म्हणतात, झडप बदलायचीच, आणि दोन महिन्यांच्या आत. मी गेलं वर्षभर नाहीच म्हणत होते, तुला माहीत आहे. पण आता ठरवलंय. चारही उडालेली बघते आणि हॉस्पिटलात भरती होते. ते चौथं उठलं, तर मलाही उठायला हरकत नाही.”

आता सांगा, कोणत्या तोंडाने त्याला मारणार?

मी हिशेब केला. पिल्लं सहा आठवड्यांत उडतात. तिघं उडाली की चौथंही उडालं म्हणायचं. थाप काय, कुठेतरी उतरवायची असते. मी आजवर शेकडो उतरवल्या होत्या.

४

पंधराव्या-सोळाव्या दिवशी मी वर गेलो होतो. हो, त्या दिवशी खरंच गेलो होतो. मोटार थांबलेली, खोलीत ग्रीसचा वास, दोर हळूहळू थंड होताना करकरतात तो आवाज. काचेला डोळा लावला.

मादी कबूतर घेऊन आली. ते पायाखाली दाबून तिने तुकडे तोडले आणि तिघांना भरवले. तिघंही एकाच कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती. ट्रेमध्ये जागा भरपूर, पण ती तिथेच दाटीवाटीने. मग मादी वळली. उरलेलं कबूतर ओढत दुसऱ्या कोपऱ्यात गेली, जिथे ते अंडं होतं. तिने तुकडा तोडला, मान वाकडी केली, आणि पिल्लाच्या चोचीत धरावा तसा पुढे धरला.

थांबली. मग चोच रिकामी झाली आणि तिने दुसरा तोडला.

मी डोकं चालवलं. काचेला लोखंडी पट्टी आडवी येते, त्या कोपऱ्याचा अर्धा भाग तिच्यामागे जातो. तुकडा पट्टीमागे पडला असणार. अंडंही पट्टीमागेच असणार. वांझ अंड्याला भरवणाऱ्या माद्या असतीलही. माणसांत काय कमी वेड्या आया असतात?

पण तुकडा ती खाली, खड्यांजवळ धरत नव्हती. तिघांना भरवताना तिची मान खाली जायची. इथे ती खाली जात नव्हती, समोरच राहत होती.

मी वहीत लिहिलं, ‘पिल्लं तीन.’ खाली येऊन ताईला सांगितलं, “चार. मजेत.”

“चौथ्याला खायला मिळतं ना? मोठी पुढे घुसतात.”

“मिळतं,” मी म्हणालो. आणि पहिल्यांदाच मला वाटलं, ही थाप नाही.

५

बाई महिन्याने आल्या. कठड्याखालच्या पत्र्यावर पडलेले पंख आणि हाडं त्या पिशवीत गोळा करायच्या. काय खाल्लं ते त्यावरून कळतं म्हणे. पत्र्यावर बसून त्यांनी पंखांचे ढीग लावले, पुन्हा मोजले.

“तुमची वही तीनच म्हणते ना?”

“तीनच आहेत.”

“मीही तीनच पाहिली.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मग ही इतकी कबुतरं कोण खातंय?”

“मी नाही,” मी म्हणालो. “मला कबूतर पचत नाही.”

बाई हसल्या नाहीत. एरवी हसायच्या. जाताना मात्र जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, “झडपेला कडी आतूनच आहे ना?”

“आतूनच.”

“लावलेली असू द्या.”

आता वाटतं, त्याच दिवशी समोर जायचं, ताईच्या पायाशी बसायचं आणि सांगून टाकायचं. ती चार दिवस बोलली नसती. मग पाचव्या दिवशी मला फैलावर घेतलं असतं, आणि दोघं मिळून टॅक्सीने हॉस्पिटलात गेलो असतो. रस्ता ओलांडायला मला दोन मिनिटं लागतात. त्या दोन महिन्यांत मी तिच्याकडे किती वेळा गेलो असेन? तीनदा. फोन होता ना.

६

पिल्लं कडेवर चढू लागली आणि ताईला दिसू लागली. आता तीच मला सांगायची. पहिलं सोमवारी उडालं, दुसरं मंगळवारी, तिसरं गुरुवारी. शुक्रवारी मी म्हणालो, “ताई, आज चौथंही गेलं गं. झालं काम. बॅग भर.”

“कधी?”

“आत्ताच. आठ वाजता.”

“थापाड्या, मी सातपासून बघतेय. ते कडेवर बसलंय.”

मी हसलो. “तिसरं परत आलं असेल.”

“तिसरं समोरच्या टाकीवर आहे, दोघं त्याच्या शेजारी. हे चौथं आहे. मंगळवारपासून रोज दिसतंय, माझ्या वहीत आहे. रस्त्याकडे पाठ करून बसतं.”

“मोठं झालंय?” माझा आवाज मलाच परका वाटला.

“आईपेक्षा मोठं दिसतंय. पंख पसरत नाही, हलत नाही. सारखं आत बघतं.” मग तिने विचारलं, “झडप तिकडेच आहे ना रे तुझी?”

मी खरंच वर होतो त्या वेळी. झडपेपासून चार हातांवर. काचेतून रोज उजेडाची एक गोल तबकडी समोरच्या भिंतीवर पडते. ती नव्हती. काच काळी होती.

धूळ, म्हटलं. मोटारीच्या खोलीत धूळ असते, तेलाची वाफ असते. फडकं घेऊन काच आतून पुसली. दोन-तीनदा पुसल्यावर उजेड आला. काच स्वच्छ झाली की काचेपलीकडचं काही बाजूला सरकलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी डोळा लावला नाही.

“ताई, ऐक,” मी म्हणालो. “चौथं पिल्लू नाहीये. कधीच नव्हतं. त्या दिवशी मी झोपलो होतो, वर गेलोच नव्हतो. थाप होती ती. अंडं वांझ निघालं.”

ती हसली. धाप लागेपर्यंत हसली.

“मला हॉस्पिटलात धाडायला काय काय रचशील! अरे, मी तीस वर्षांत न पाहिलेलं एक अक्षर लिहिलं नाही. ते तिथे आहे. ते उडालं की मी येते.”

“डॉक्टरांनी सोमवारची तारीख दिलीय.”

“पुढची घेऊ.”

“ताई, दोन महिने संपत आलेत.”

“मग त्याला सांग, लवकर उड म्हणावं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आयुष्यभर लोकांनी माझ्या थापा खऱ्या मानल्या. एकदा खरं बोललो, तर ते थापेच्या खात्यात गेलं.

७

मग माझ्या डोक्यात आलं, ते अंडंच नेऊन तिच्या हातावर ठेवायचं. वस्तू हातात घेतल्यावर तिला नाही म्हणता आलं नसतं. वस्तूचं ती ऐकायची.

शनिवारी सकाळी साडेआठला मी वर गेलो. झडपेबाहेर जायचं तर लिफ्टचा मेन स्विच बंद करायचा, हा आमच्या धंद्यातला नियम. माणूस बाहेर लटकलेला असताना मोटार कोणी सुरू करू नये म्हणून. मी नियम पाळला. डोक्यावर हेल्मेट घातलं, कडी काढली आणि रांगत बाहेर गेलो.

वारा होता. आईबाप दिसत नव्हते. ट्रेमध्ये खडे, विष्ठा, पिसं. तिघांच्या कोपऱ्यात खडे तुडवून सपाट झालेले. चौथ्या कोपऱ्यात एक खळगा, परातीएवढा. त्यात ते अंडं होतं.

नुसतं कवच. वरची टोपी आतून कापून काढावी तशी गोल, साफ निघालेली. आतला पापुद्रा वाळून कागदासारखा झालेला. दगड लागून अंडं असं फुटत नाही. मी ते उचललं. आतून गुळगुळीत, कोरडं, रिकामं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मी उचलला.

“सापडलं का?” ताई म्हणाली. “दिसतोयस मला. हेल्मेट वाकडं झालंय.”

“ताई, मी तुला फसवलं.”

“पहिल्याच दिवशी कळलं होतं रे. तुझा आवाज अंथरुणातला होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“रोज फोन करत होतास ना,” ती म्हणाली. “मला तेवढं पुरे होतं. चल, ये खाली. सोमवारी जाऊ.”

मी तिच्या खिडकीकडे पाहिलं. ती खुर्चीत होती, दुर्बीण डोळ्यांना लावलेली, रोख माझ्यावर. आणि तिच्या खिडकीबाहेर, उंबऱ्याएवढ्या त्या सिमेंटच्या पट्टीवर, काहीतरी बसलं होतं. रस्त्याकडे पाठ करून. तपकिरी, ओलसर दिसणारी पाठ, डोकं खांद्यांत रुतलेलं. ताईच्या तोंडासमोर, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर. आणि ती त्याच्या डोक्यावरून पलीकडे, माझ्याकडे बघत होती.

“ताई,” मी म्हणालो, “दुर्बीण खाली घे.”

ते हललं नाही. मला वाटतं, त्याने मान जराशी वाकडी केली. भरवताना आई करायची तशी.

मी आत आलो, धावलो. स्विच लावायचं सुचलं नाही. तेरा मजले जिन्याने उतरलो, रस्ता ओलांडला. ताईकडे काम करणाऱ्या मावशींनी दार उघडलं. त्यांच्या हाताला साबणाचा फेस होता. “आत्ता तर चहा देऊन आले,” त्या म्हणाल्या.

चहातून वाफ येत होती. दुर्बीण ताईच्या मांडीवर होती. खिडकी आतून बंद. बाहेरच्या पट्टीवर काही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, झडप. इतके दिवस काढले हेच खूप. वेळेवर आणलं असतं तर, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण माझ्याकडे पाहून मिटलं.

८

तर शेवटी सांगतो म्हणालो होतो.

तुम्हाला वाटलं असेल, पट्टीवरचं ते मी पदरचं घातलं. तसं असतं तर बरं झालं असतं. कवच माझ्याकडे आहे, स्क्रूच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून. बाईंनी ते भिंगाखाली पाहिलं आणि विचारलं, “याचं पिल्लू कुठे आहे?” मी म्हणालो, माहीत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी ट्रे दुसऱ्या इमारतीवर हलवला.

घातलं ते फोनवरचं बोलणं.

फोन वाजला, हे खरं. ताईचाच होता. खिशात थरथरत होता. माझ्या हातात ते रिकामं कवच होतं, आणि मला वाटलं, हिला आता काय सांगू? आधी काहीतरी जुळवू, मग उचलू. सात वेळा वाजला आणि थांबला. तेव्हा मी मान वर करून तिच्या खिडकीकडे पाहिलं. ‘दुर्बीण खाली घे’ हे मी म्हणालो, ओरडून म्हणालो, पण रस्त्यावरच्या गाड्यांना. ‘पहिल्याच दिवशी कळलं होतं’, ‘मला तेवढं पुरे होतं’, ‘चल, ये खाली’, हे तिच्या तोंडचं सगळं मी नंतर रचलं. जिन्यात नव्हे, घरी आल्यावर, बायकोला सांगताना. बायको रडली आणि म्हणाली, “बघ, शेवटी माफ केलं त्यांनी.” तेव्हापासून तसंच सांगतो.

तिची वही मी बऱ्याच दिवसांनी उघडली. दोन महिन्यांचं सगळं त्यात आहे, तारखा, वेळा, वारा कुठून. मी फोनवर सांगितलेलं तिने वेगळ्या रकान्यात लिहिलं होतं. रकान्यावर मथळा होता, ‘भावाने पाहिलेलं’. शेवटची नोंद शनिवारची. अक्षर नेहमीसारखं, सरळ.

‘८.४०. चौथं कठड्यावर नाही. उडताना पाहिलं नाही. कुठे गेलं ते विचारायला भावाला फोन केला. उचलला नाही.’